अठरा टक्क्यांच्या व्याख्यानांबद्दल: उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि विश्वस्त,
उत्तर अमेरिकेतील सर्व महाराष्ट्र मंडळे

सप्रेम नमस्कार.

आपल्या कार्यक्रमपत्रिकेत हल्ली एक सत्र हमखास दिसते. नाटकाचा प्रयोग आणि जेवण यांच्या मधल्या वेळात, नाहीतर रविवारी सकाळी झूमवर. विषय ‘टॅक्स लीन’, म्हणजे थकलेल्या मालमत्ता करापोटी घरावर चढलेला बोजा. जाहिरातीत ‘सरकारी हमी’, ‘१८ टक्के व्याज’ आणि ‘नाहीतर घर तुमचे’ हे तीन शब्दप्रयोग ठरलेले. पहिला तास फुकट असतो. शेवटच्या दहा मिनिटांत कोर्सची किंमत येते, त्यानंतर वैयक्तिक कोचिंगची, आणि अलीकडे ‘तुम्हाला वेळ नसेल तर पैसे आमच्याकडे द्या, आम्हीच तुमच्यासाठी लीन घेऊ’ हेही येते.

मी न्यू जर्सीत टायटल सर्चचे काम करते. घर विकले जाण्याआधी त्यावर कोणाकोणाचा बोजा आहे, हे काउंटीच्या दप्तरातून शोधायचे. टॅक्स लीन माझ्या टेबलावर नित्याचे आहेत. ते बेकायदा नाहीत, त्यात पैसे मिळवणारे लोकही आहेत. माझी तक्रार लीनबद्दल नाही. मंडळाच्या व्यासपीठावरून ते ज्या पद्धतीने विकले जातात, त्याबद्दल आहे. त्या तासाभरात जे सांगितले जात नाही, तेवढे या पत्रात लिहिते.

आपल्यापैकी अनेकांचे घर मुंबई-पुण्यात आहे. तिथे मालमत्ता कर थकला की महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, मग नोटीस येते, मग जप्ती. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात मालमत्ता कर हा त्या मिळकतीवरचा पहिला बोजा धरला आहे. पण वसुली पालिकाच करते. न्यू जर्सी, फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना, मेरीलँड अशा राज्यांत सरकार थकबाकीदाराच्या मागे स्वतः धावत बसत नाही. ती थकबाकी लिलावात खासगी माणसाला विकते आणि आपली तिजोरी त्याच दिवशी भरते. विकत घेणाऱ्याला मिळतो तो बोजा, व्याजासह वसूल करण्याच्या हक्कासकट. बोजा बँकेच्या कर्जाच्याही पुढे असतो, हे वक्ते सांगतात आणि ते खरे आहे. सरकारी हमी मात्र कुठेच नाही. सरकारने आपले पैसे घेतले आणि ते बाजूला झाले. पुढची जोखीम आता तुमची.

आता १८ टक्क्यांकडे येऊ. न्यू जर्सी आणि फ्लोरिडात १८, अ‍ॅरिझोनात १६, ही कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा आहे. लिलावात बोली वर जात नाही, खाली येते. कमीत कमी व्याज कोण घेईल, त्याला लीन मिळते. न्यू जर्सीत चांगल्या घरावरची बोली शून्यापर्यंत उतरते आणि तिथेही थांबत नाही. मग लोक वर ‘प्रीमियम’ देऊ लागतात, म्हणजे लीन मिळावी म्हणून पालिकेकडे जास्तीची रक्कम भरतात. या प्रीमियमवर एक पैसाही व्याज नसते.

उदाहरण घेऊ. ४,००० डॉलरची लीन, व्याज शून्य, प्रीमियम ३,०००. आठ महिन्यांनी घरमालक पैसे भरून मोकळा झाला. तुम्हाला मिळाले ४,००० मुद्दल, त्यावर दोन टक्के दंडाचे ८० डॉलर, आणि ३,००० प्रीमियम जसाच्या तसा परत. नोंदणीचा खर्च वगैरे थोडेफार भरून येते. म्हणजे ७,००० डॉलर आठ महिने अडकवून मिळाले ८०. हा दंड ५,००० च्या वर चार टक्के आणि १०,००० च्या वर सहा टक्के असतो, तरी गणिताची जात बदलत नाही. मग जाणकार लोक प्रीमियम भरतात तरी का? कारण खरी कमाई पुढच्या करांत आहे. मालकाने फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरचे हप्तेही थकवले, तर ते लीनधारक भरू शकतो आणि त्या रकमेवर पहिल्या १,५०० ला आठ आणि त्यापुढे १८ टक्क्यांपर्यंत व्याज मिळते. पण त्यासाठी दर तिमाहीला नवे पैसे ओतावे लागतात, तेही न्यू जर्सीत, जिथे सरासरी घराचा वार्षिक कर १०,००० डॉलरच्या घरात आहे. हप्ते भरले नाहीत तर पुढच्या थकबाकीची लीन दुसरा कोणी घेतो आणि तो तुमच्या पुढे जाऊन बसतो. शिवाय पाच वर्षांत मालकाने लीन सोडवली नाही, तर तो प्रीमियम पालिकेचा होतो. हे वाक्य मी आजवर एकाही फुकट व्याख्यानात ऐकलेले नाही.

फ्लोरिडाचे गणित थोडे वेगळे आहे. तिथे बोली पाव टक्क्यावर आली तरी लीन सोडवताना किमान पाच टक्के मिळतात, म्हणून मोठ्या संस्था अनेक कंपन्यांच्या नावांनी ऑनलाइन लिलावात उतरतात. दोन वर्षांनंतर टॅक्स डीडसाठी, म्हणजे थकलेल्या करापोटी घर विकायला काढण्यासाठी, अर्ज करता येतो, त्यासाठी त्या मालमत्तेवरच्या इतर सगळ्या थकबाक्या आणि शुल्के आधी तुम्ही भरायची. मग घर तुमच्या नावावर होत नाही, त्याचा जाहीर लिलाव होतो. दुसऱ्याने जास्त बोली लावली तर घर त्याचे, तुम्हाला तुमचे पैसे. आणि सात वर्षे हातावर हात धरून बसलात तर लीनचे सर्टिफिकेटच रद्दबातल. फ्लोरिडाचे उदाहरण देऊन ‘नाहीतर घर तुमचे’ म्हणणाऱ्या वक्त्याने एकतर कायदा वाचलेला नाही किंवा श्रोत्यांनी वाचलेला नाही याची त्याला खात्री आहे.

घर मिळण्याचे हे स्वप्न २०२३ पासून बाकीच्या राज्यांतही विरत चालले आहे. मिनियापोलिसच्या ९४ वर्षांच्या जेराल्डीन टायलर यांचा खटला आपल्यापैकी काहींनी वाचला असेल. त्यांच्या फ्लॅटचा कर, दंड आणि व्याज धरून थकबाकी होती सुमारे १५,००० डॉलर. हेनेपिन काउंटीने फ्लॅट ४०,००० ला विकला आणि वरचे २५,००० सुद्धा स्वतःकडे ठेवले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की सरकारला आपले देणे वसूल करता येईल, त्याहून जास्त नाही. त्या खटल्यात समोर काउंटी होती. पण छोट्या थकबाकीपायी अख्खे घर गिळण्याची पद्धत जिथे खासगी लीनधारकांच्या हाती होती, तिथेही या निकालाचे धक्के बसले. न्यू जर्सीने २०२४ मध्ये कायदा बदलला. आता मालक घराचा लिलाव मागू शकतो आणि देणे फिटून उरलेली रक्कम त्याला मिळते. लीनधारकाच्या वाट्याला त्याचे कायदेशीर येणे, बस. २०२३ आधीच्या स्लाइड्स घेऊन फिरणारे वक्ते आजही ‘पाच हजारांत तीन लाखांचे घर’ विकत आहेत.

समजा फोरक्लोजरपर्यंत, म्हणजे बोजापायी कोर्टातून घर ताब्यात घेण्यापर्यंत, गेलातच. मग खऱ्या अर्थाने माझ्या टेबलावर येता. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घरावर कर्ज देणाऱ्या बँकेला स्वतंत्र सूचना मिळालीच पाहिजे. २००६ च्या जोन्स विरुद्ध फ्लॉवर्स खटल्यात ठरले, की मालकाला पाठवलेले रजिस्टर्ड पत्र न स्वीकारता परत आले, तर सरकारने शक्य असेल ते आणखी काही करायला हवे, नुसते हात झटकून घर विकता येणार नाही. एखाद्या वारसाला नोटीस गेली नाही, जुन्या पत्त्यावर गेली, नावाचे स्पेलिंग चुकले, अशा कारणांनी झालेली विक्री वर्षांनंतर उलटू शकते. म्हणूनच मालकी हक्काचा विमा उतरवणाऱ्या टायटल इन्शुरन्स कंपन्या टॅक्स सेलमधून आलेल्या घराला सहजी विमा देत नाहीत. आधी कोर्टातून ‘क्वाएट टायटल’चा, म्हणजे मालकी निर्विवाद ठरवणारा, हुकूम आणा म्हणतात. विमा नाही म्हणजे गिऱ्हाइकाला बँकेचे कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणजे रोखीने, पडेल त्या भावाने विका. वकिलाची फी, सर्चचा खर्च आणि गेलेला वेळ १८ टक्क्यांतून वजा करून पाहा.

मालकाने दिवाळखोरीचा अर्ज केला तर सगळे जागच्या जागी थांबते. दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर १३ मध्ये परतफेडीचा हप्ता पाच वर्षांपर्यंत लांबू शकतो. मालकाकडे प्राप्तिकर थकला असेल, तर विक्रीनंतरही किमान १२० दिवस आयआरएस या संघीय कर खात्याला ती मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क असतो. आणि यादीत स्वस्त दिसणारे प्लॉट स्वस्त का आहेत, हे गुगलच्या नकाशावरून कळत नाही. पाण्याचा निचरा करणारे तळे, दोन इमारतींमधली चार फुटांची पट्टी, पाडण्याचा आदेश निघालेले घर. सगळ्यात वाईट म्हणजे जुना ड्रायक्लीनर. नुसता बोजा हातात असेपर्यंत तुम्ही धनको असता. फोरक्लोजर करून मालक झालात, की १९८० च्या संघीय पर्यावरण कायद्याखाली जमिनीतल्या विषाची सफाई तुमच्या गळ्यात पडू शकते, विष कोणीही ओतलेले असो. या कायद्याखालच्या, विषारी जागांच्या ‘सुपरफंड’ यादीत सर्वाधिक जागा कोणत्या राज्यात आहेत? आपल्या न्यू जर्सीत.

एक धोका खास आपल्या मंडळी-मंडळींत व्यवहार करण्याच्या सवयीतून येतो. कोर्स केलेले आठ-दहा जण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करतात, लिलावाची यादी वाटून घेतात आणि ‘हे तू घे, त्यावर मी बोली लावत नाही’ असे ठरवतात. मैत्रीच्या भाषेत हा समजूतदारपणा आहे. १८९० च्या शर्मन कायद्याच्या भाषेत हे बोलीतले संगनमत आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. ही नुसती पुस्तकातली भीती नाही. न्यू जर्सीच्याच टॅक्स लीन लिलावांतील संगनमताबद्दल संघीय न्याय खात्याने खटले भरले आणि अनेक गुंतवणूकदारांनी व कंपन्यांनी गुन्हा कबूल केला.

एच-१बी वर असलेल्या तरुण सभासदांनाही वक्ते ‘साइड इन्कम’ म्हणून हे विकतात. निष्क्रिय गुंतवणूक वेगळी, आणि घर ताब्यात घेऊन दुरुस्त्या करून विकण्याचा धंदा वेगळा. ज्या कंपनीच्या नावाने व्हिसा आहे तिच्याखेरीज दुसरे काम करायची त्यांना मुभा नसते. ही रेषा कुठे ओलांडली जाते ते इमिग्रेशन वकिलाला विचारावे, व्याख्यात्याला नव्हे. आणि ‘तुमच्या आईवडिलांच्या नावे पुण्याहून पैसे मागवा’ हा सल्ला तर मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. भारतातल्या निवासी व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, हे खरे. पण परदेशी गुंतवणुकीच्या २०२२ च्या नियमांत शेअर बाजारात नोंदवलेले नसलेले कर्जरोखे व्यक्तींना वर्ज्य आहेत. काउंटीचे लीन सर्टिफिकेट त्या नियमांत कुठे बसते, हे पैसे निघण्याआधी सीएने लेखी सांगायला हवे. परदेशी मालमत्ता भारतीय विवरणपत्रात दाखवली नाही तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याने दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. लीनमधून उद्या खरेच घर हाती लागले आणि ते अमेरिकेत न राहणाऱ्या वडिलांच्या नावे राहिले, तर त्यांच्या पश्चात अमेरिकेचा इस्टेट टॅक्स केवळ ६०,००० डॉलरनंतर सुरू होतो. इथल्या नागरिकाला मिळणारी एक कोटीहून अधिक डॉलरची सूट त्यांना नाही.

आता ‘पैसे आमच्याकडे द्या’ या योजनेविषयी. अनेकांचे पैसे एकत्र करून, दुसऱ्याच्या मेहनतीवर नफ्याची आशा दाखवली, की १९४६ च्या हॉवी निकालापासून ती ‘सिक्युरिटी’, म्हणजे कायद्याने नियमन होणारी गुंतवणूक, ठरते, नाव लीन असो, क्लब असो की भिशी. मग रोखेबाजाराचे नियमन करणाऱ्या एसईसीकडे नोंदणी हवी किंवा कायद्याने दिलेली सूट हवी. बहुतेक जण ज्या सुटीचा आधार सांगतात तिच्यात जाहीर प्रचाराला मनाई आहे, आणि गणेशोत्सवात माइकवरून केलेले आवाहन हा जाहीर प्रचार नसेल तर काय आहे? दुसऱ्या प्रकारच्या सुटीत जाहिरात चालते, पण मग प्रत्येक गुंतवणूकदार ‘अ‍ॅक्रेडिटेड’ असल्याची खातरजमा करावी लागते. म्हणजे वर्षाला दोन लाखांचे उत्पन्न, जोडप्याचे तीन लाख, किंवा राहते घर सोडून दहा लाखांची मत्ता. एकाच भाषेच्या, एकाच देवळाच्या लोकांत पसरणाऱ्या फसवणुकीबद्दल एसईसी वर्षानुवर्षे सावध करत आली आहे. आपल्याकडे तर नुसते ‘अहो, आपल्याच मंडळातले आहेत’ एवढे पुरते.

आणि कोर्स? टॅक्स सेलमधून कवडीमोलाने घरे कशी घ्यावीत, हे टीव्हीवरच्या जाहिरातींतून शिकवणाऱ्या एका मंडळीवर फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये दावा केला. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने ४७ कोटी ८० लाख डॉलरचा हुकूमनामा दिला. पद्धत आजच्यासारखीच होती: आधी ४० डॉलरच्या आसपासचा संच, मग फोनवरून हजारो डॉलरचे कोचिंग. आपल्या सभासदांना एक गोष्ट आजच कळवा. हॉटेलच्या हॉलमध्ये किंवा तात्पुरत्या जागेत १३० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचे प्रशिक्षण विकले, तर ‘कूलिंग ऑफ’ नियमाने तीन कामकाजी दिवसांत करार रद्द करता येतो. फक्त झूमवर झालेल्या विक्रीला हा नियम लागत नाही. आता ही सत्रे झूमवर का सरकली, याचा विचार आपणच करा.

मंडळाचेही यात काही पणाला लागते. आपली बहुतेक मंडळे ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहेत. प्रायोजकाचे नाव आणि लोगो दाखवणे चालते. पण सचिवांनी माइकवर ‘आम्ही स्वतः अनुभव घेतला आहे, जरूर नाव नोंदवा’ म्हटले, की ते शिफारसपर जाहिरात ठरू शकते आणि मिळालेल्या रकमेवर कर लागू शकतो. रक्कम किती लोक आले त्यावर ठरली असेल तरीही तेच. नोंदणीमागे कमिशन घेणाऱ्या मंडळांनी आपल्या सीपीएला एकदा विचारून घ्यावे. आणि उद्या एखाद्या सभासदाचे पैसे बुडाले, तर तो वक्त्याच्या आधी तुमचा फोन फिरवेल.

म्हणून माझे म्हणणे असे. काहीही विकणाऱ्याला शैक्षणिक सत्र देऊ नये. विकायचेच असेल तर त्याने बाहेर टेबल घ्यावे, भाडे द्यावे, मंडळाने त्याची ओळख करून देऊ नये. एकत्रित फंडासाठी पैसे मागणाऱ्याला टेबलही नको, जोवर त्याची एसईसीकडची कागदपत्रे विश्वस्तांपैकी कोणी तरी वकिलाला दाखवत नाही. सभासदांची ईमेल यादी कोणालाही, कोणत्याही किमतीला मिळू नये. आणि ज्या मंडळांनी गेल्या दोन-तीन वर्षांत अशी सत्रे घेतली त्यांनी वक्त्याकडून काही मानधन, देणगी किंवा कमिशन आले असल्यास तो आकडा पुढच्या सर्वसाधारण सभेत जमाखर्चात वेगळा दाखवावा.

लीनच्या दुसऱ्या टोकाला कोण असते, याबद्दल थोडे. वॉशिंग्टन शहरात १३४ डॉलरच्या थकबाकीपायी एका वृद्ध, निवृत्त मरीन सैनिकाचे घर गेले, ते प्रकरण २०१३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने उजेडात आणले. थकबाकीदार म्हणजे बुडवा, असे समजू नका. मी पाहते त्यात बरेचदा घराचे कर्ज फिटलेले असते. तीस वर्षे कर बँकेच्या एस्क्रोतून, म्हणजे कर्जाच्या हप्त्याबरोबर करासाठी पैसे जमा करणाऱ्या खात्यातून, आपोआप जात होता. कर्ज संपले, एस्क्रो बंद झाले, बिल आता थेट घरी येऊ लागले, आणि व्यवहार पाहणारा नवरा किंवा बायको आता नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत इथे आलेली आपली पिढी नेमकी या वयात, या घरांत आहे. एडिसनमध्ये आहे, तुमच्या गावात आहे. लिलावाच्या यादीत मराठी आडनाव दिसते तेव्हा मला ते परके वाटत नाही. ज्यांच्या गावाने सावकाराचे गहाणखत पाहिले आहे, त्यांच्या नातवंडांनी ही यादी जरा थांबून वाचावी.

सत्र घ्यायचेच असेल तर हे घ्या: कर्ज फिटल्यावर कराचे बिल कोणाकडे जाते ते टॅक्स कलेक्टरच्या कार्यालयात कसे तपासायचे, ज्येष्ठांसाठीची ‘सीनियर फ्रीझ’ आणि ‘अँकर’ या सवलतींचे अर्ज कसे भरायचे, टॅक्स सेलची नोटीस आली तर पहिल्या आठवड्यात काय करायचे, आणि मुलांना दुसरा संपर्क म्हणून कुठे नोंदवायचे. तासाभराचा विषय आहे. मी यायला तयार आहे, मानधन नको. तारीख शक्यतो ऑक्टोबरच्या आधीची ठेवा. न्यू जर्सीतल्या बऱ्याच पालिकांचे लिलाव वर्षाच्या शेवटी असतात आणि नोटिसा त्याआधी निघतात.

कळावे,

आपली,
मध्य न्यू जर्सीतील एक आजीव सभासद